आखूड मीटर

कुलूप लावल्यावर मास्तर ते तीनदा ओढून बघत. चार पावलं जाऊन परत येत आणि चौथ्यांदा ओढत.

पेपरातलं हवामान ते रोज वाचत. वाचून झालं की खिडकीबाहेर हात काढत.

डॉक्टरांनी दिलेली गोळी उजेडाकडे धरून बघत.

दुसऱ्यानं घेतलेलं माप घेत नसत. कोणी कागदावर उंची-रुंदी लिहून आणली की म्हणत, "माणूस समोर आणा. खिडकी असेल तर मला खिडकीकडे न्या."

बाजारातून नवी टेप आणली की आपल्या जुन्या टेपेशी लावत. मग "आखूड आहे" म्हणून दुकानदाराला परत करत. असं दर दोन-तीन वर्षांनी होई.

होडीत बसायच्या आधी तिच्या पोटात हात घालून कोरडी आहे का बघत. शिवण त्यांनी स्वतः घातलेली असे, तरी तिच्यावरून अंगठा फिरवत. छापील नकाशाला ते अफवा म्हणत.

ते गेले त्याला आज सत्तावीस दिवस झाले. दुपारी, दुकानात, इस्त्री गरम होत होती तेव्हा. लोक अजून मला विचारतात, "कुठे बुडाले?" मी सांगतो, बुडाले नाहीत, खुर्चीत गेले. त्यावर लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी काहीतरी दडवतोय.

मला स्वतःलाही ते नीट खरं वाटत नाही. म्हणून लिहितो आहे.

मी शेजारच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो. साहित्याची पदवी घेतल्यावर हे काम मिळालं. चार वर्षांपूर्वी मी मास्तरांकडे पँट शिवायला टाकली. त्यांनी कंबरेला टेप लावली आणि विचारलं, "आधीचा टेलर किती धरायचा?"

"बत्तीस."

"साडेएकतीसला जरा कमीच आहे. अर्धा इंच कुठे गेला?"

"मला काय माहीत?"

"तेच म्हणतोय मी. गिऱ्हाइकाला माहीत नसतं, तिथूनच सुरू होतं सगळं."

पँट मात्र अशी बसली की छापखान्याच्या मालकांनी मला पगारवाढ मिळाली का म्हणून विचारलं.

दुकान दोन मशीन मावतील एवढं. दाराला लागून कापायचं टेबल. मागे एक पडदा, पडद्यामागे आरसा, आरशामागे एक लांब काठी आडवी. तिच्यावर तयार पँटी टांगलेल्या असत. ती डोलकाठी होती. माळ्यावरच्या दोन कॅनव्हासच्या पिशव्यांत अख्खी होडी होती. घडीची कयाक. लाकडी फासळ्या जोडायच्या, वर मेणकापडाचं आवरण ओढायचं, दोन माणसं बसतील अशी चौदा फुटी होडी अर्ध्या तासात तयार. शीड त्यांनी छत्रीच्या कापडाचं शिवलं होतं. हलकं, चिवट आणि काळं.

"काळंच का?" मी विचारलं होतं.

"छत्रीवाल्याकडे तेच उरलं होतं."

त्या काळ्या शिडामुळे त्यांच्याबद्दल बरंच बोललं जाई. हा टेलर सुट्टीच्या दिवशी खाडीत जातो, मासे धरत नाही, कोणाला फिरवून आणत नाही, आणि वहीत काहीतरी लिहितो. एकदा किनाऱ्यावरच्या पोलिसानं वही मागितली.

"हे आकडे कसले?"

"खोली."

"कुणाची?"

"पाण्याची."

"भाड्यानं देता का?" पोलीस म्हणाला आणि स्वतःच हसला. तरी वही त्यानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. मास्तरांना त्याचा राग आला नाही. उलट मला म्हणाले, "माणूस कामाचा आहे. नुसत्या शब्दावर सोडलं नाही."

होडीची सुरुवात डोळ्यांच्या डॉक्टरांपासून झाली. दिवसभर सुईच्या नाकाकडे बघून मास्तरांचे डोळे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून एक दिवस लांब बघत जा. मास्तर आणखी दोन डॉक्टरांकडे गेले. तिघांनी तेच सांगितल्यावर त्यांनी विचार केला की आपल्या गावात लांब असं कुठे दिसतं? गल्लीत समोरची भिंत. घरात समोरचं कपाट. मग ते धरणामागच्या तळ्यावर गेले. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं, मधोमध तळ्याला तळच नाही. मास्तरांना ते पटेना. ते दोरी आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन परत गेले, एका भाड्याच्या नावेतून तळ्याच्या मधोमध पोचले आणि ओळंबा सोडला. अकरा मीटरवर तळ लागला.

त्यानंतर ते थांबलेच नाहीत. तळ्याची वही झाली. मग तळ्यातून निघणाऱ्या नदीची. मग खाडीची. मग दीपस्तंभापर्यंतच्या किनाऱ्याची, जिथे वारा पडल्यावर वल्ह्यावर परत यायला त्यांना एकदा सहा तास लागले. दोरीला दर मीटरला एक गाठ. गाठीगाठीत लाल धागा. जागा चुकू नये म्हणून किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या: गिरणीचं धुराडं आणि पाण्याची टाकी, किंवा शाळेची भिंत आणि एक वाकडं झाड. अशी तेवीस वर्षं.

मी मागच्या जागेवर बसून आकडे लिहीत असे. पायाखाली सुकाणूच्या दोऱ्या. वारा मागून आला की मास्तर शीड उभं करत आणि मान न वळवता विचारत, "काय वाटतं? टिकेल?"

"टिकेल."

"कशावरून?"

लाटांची टोकं पांढरी झालेली त्यांना माझ्याआधी दिसलेली असत.

आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे. होड्यांना त्यावरूनच आत यावं लागतं. पाणी पुरेसं आहे की नाही हे धक्क्याजवळच्या मापाच्या खांबावरून कळतं. पाच मीटरचा उंच खांब, त्यावर काळ्या-पांढऱ्या रंगात खुणा. खांबावर तीन मीटर दिसलं की होड्या आत येतात. खांब रंगवायचा, रोज त्याची नोंद करायची, हे काम एका माणसाकडे आहे. सगळे त्याला खांबवाला म्हणतात. तो मास्तरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, धाकटा भाऊ.

गेल्या वर्षी पंधरा दिवसांत दोन होड्या त्या वाळूत बसल्या. दोन्ही वेळा खांबावर तीन मीटर होतं. एका होडीची फळी फुटली. माणसं वाचली.

मास्तरांनी बातमी ऐकली आणि कात्री खाली ठेवली. "खांब तीन म्हणतो आणि पाणी तेवढं नाही. मग खोटं कोण बोलतंय?"

पुढच्या सुट्टीला ओहोटीच्या वेळी आम्ही कयाक खांबाला लावली. मी खांबाला मिठी मारून होडी धरली. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं.

"अठ्ठ्याण्णव."

वरची खूण. "अठ्ठ्याण्णव."

त्याच्या वरची. मी मनात म्हणत होतो, शंभर येऊ दे. अठ्ठ्याण्णव आलं. पाचही मीटर अठ्ठ्याण्णव.

"एखादा कमी भरला असता तर हात चुकला म्हटलं असतं," मास्तर म्हणाले. "पाचही सारखेच कमी. हे चुकून होत नाही पंडित, ठरवून होतं." मला ते पंडित म्हणत.

भरती आल्यावर त्यांनी खांबाच्या पायथ्याशी ओळंबा सोडला. खांबावर चार, दोरीवर चारला आठ सेंटिमीटर कमी. टेप आणि दोरी, दोघींचं म्हणणं एक. दोरीच्या गाठी त्याच टेपेनं मोजून मारल्या होत्या, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोन साक्षीदार मिळाले म्हणून आम्ही खूश झालो. दोघांची आई एकच होती.

मास्तरांनी कारणही शोधलं. गाळ काढणाऱ्या कंत्राटदाराचं काम त्याच वर्षी संपलं होतं. खांब जास्त पाणी दाखवतोय म्हणजे कुणाला तरी काम पूर्ण झाल्याचं दाखवायचं आहे. आणि खांब कोण रंगवतो?

"पण मास्तर, ते तुमचे मेव्हणे."

"म्हणून काय मीटर लांब होतो का?"

अर्ज मी लिहिला. मास्तरांनी मुद्दे सांगितले, भाषा माझी. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं: "मीटर कोणाच्याही सोयीसाठी लहान होत नाही." मी ते दोनदा वाचून दाखवलं. मास्तरांनी मान डोलावली.

अर्ज खात्यात गेला आणि आठ दिवसांत खांबवाल्याला कामावरून बाजूला केलं. चौकशी होईपर्यंत त्यानं खांबाजवळ जायचं नाही. धक्क्यावरच्या त्याच्या लहानशा खोलीला खात्याचं कुलूप लागलं. चौकशीत दोष निघाला असता तर नोकरी जाणार होती आणि दोन होड्यांचा ठपका कायमचा त्याच्या नावावर बसणार होता. त्याच संध्याकाळी तो मास्तरांच्या घरी आला. मी तिथेच होतो.

तो बसला नाही. "भावोजी, माझा मीटर आखूड?"

"मी म्हणत नाही. टेप म्हणते."

"बावीस वर्षं मी तो खांब रंगवतोय."

"बावीस वर्षं कुणी मोजला नव्हता."

"माझ्या लग्नाचा कोट तुम्ही शिवलात. अंगाला असा बसला की तुम्हीच चारचौघांत म्हणालात, आमच्या मेव्हण्यांचं अंग सरळ आहे. आता काय, वाकडं झालं?"

"कोटाचा आणि खांबाचा संबंध नाही."

"टेप तीच ना?"

"टेप तीच," मास्तर म्हणाले. ते ऐकून आम्ही तिघंही गप्प राहिलो. आता मला ती शांतता छळते.

काकू आतून आल्या. "अहो, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तुला आधी सांगितलं."

"कधी सांगितलंत? अर्ज टाकून आल्यावर! शेजाऱ्याच्या मांजरावर संशय घ्या, दूधवाल्यावर घ्या, मी काही बोलले नाही. माझ्या पिशवीतली भाजी मोजून बघता, तेही चालवून घेतलं. आता माहेरावर आलात?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "अर्ज तू लिहिलास ना रे?"

"हो, काकू."

"छान लिहिला असशील."

खांबवाला दारातच चप्पल घालत म्हणाला, "ताई, मी येणार नाही आता इथे." आणि गेला.

चौकशीला चार दिवस उरले होते तेव्हा पडद्याचं प्रकरण झालं. छापखान्याच्या खिडकीतून मुद्रितांवर ऊन पडे. मालकांना पडदा हवा होता. मास्तरांचा गुडघा धरला होता, त्यांना जिना चढवेना. मी आमच्या पोलादी मीटरपट्टीनं खिडकी मोजली. बरोबर दोन मीटर. मास्तर म्हणाले, "तू आहेस म्हणून घेतो माप. बघ हं."

पडदा आला आणि दोन बोटं खाली लोळायला लागला.

"तुला मोजता येत नाही," मास्तर म्हणाले. "म्हणूनच मी कुणाचं माप घेत नाही."

मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला चूक दाखवली की झोंबतं. मी मीटरपट्टी काखेत मारली आणि दुकानात आलो. टेबलावर पट्टी ठेवली. "लावा तुमची टेप."

त्यांनी लावली. पट्टी संपली तिथे टेपेवर अठ्ठ्याण्णव होतं.

मास्तरांनी पट्टी उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाले, "ही पट्टी कुठली?"

"पोलादी आहे मास्तर."

"पोलाद कुणी कापलं?"

ते समोरच्या कापडवाल्याकडून त्याचा मीटरचा लोखंडी गज घेऊन आले. त्यावर वजनमापाचा सरकारी शिक्का होता. गज आणि पट्टी सारखीच भरली. मास्तरांनी शिक्क्यावर नख घासून बघितलं. मग सुईदोऱ्याच्या दुकानातून नवी टेप मागवली. तिन्ही एका बाजूला आणि मास्तरांची टेप एकटी.

"सगळेच आखूड करायला लागले," ते पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता.

मग त्यांनी टेबलाखालचा खण उघडला आणि एक जुनी वही काढली. ते शिकाऊ होते तेव्हाची. पहिल्या दिवशी त्यांच्या गुरूंनी त्यांना स्वतःचं माप घ्यायला लावलं होतं. पहिल्या पानावर शाईनं लिहिलं होतं: बाही, एकसष्ट. तेव्हा ही टेप नवी होती.

"धर," ते म्हणाले. त्यांनी हात सरळ केला. मी खांद्याच्या हाडावर टेपेचं टोक धरलं आणि मनगटापर्यंत सोडली. साठसुद्धा भरलं नाही.

"परत."

परत तेवढंच. मग मी नवी टेप लावली. एकसष्ट.

मास्तर खुर्चीत बसले. उजव्या हातानं त्यांनी आपलं डावं मनगट धरलं होतं. "माणूस वाळतो रे," ते म्हणाले, "पण हाड नाही वाळत."

कापडी टेप रोज गळ्यात असते. रोज ओढली जाते. घामानं भिजते, वाळते. ती वर्षाला केसभर लांबत गेली होती. आणि त्यांना कळायला काही वाटच नव्हती, कारण ज्या टेपेनं माप घेत तिनंच कापत. कपडे चोख बसत. जगात फक्त दोनच ठिकाणी ही चूक उघडी पडू शकत होती: दुसऱ्यानं घेतलेल्या मापात आणि नव्या टेपेत. दोन्ही त्यांनी दुकानाबाहेर ठेवली होती.

"कुणाला बोलू नकोस," मास्तर म्हणाले.

मी घरी आलो. मला ते वाक्य आवडलं नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर संशय घेतला. वाटलं, हे आता गप्प बसणार. चौकशीत पट्टीच चुकीची, वेळच चुकीची, असं काहीतरी काढणार. खांबवाल्याची नोकरी गेली तरी आपली टेप झाकणार.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. सुट्टीचा वार नव्हता. काकू दारात उभ्या होत्या. "माळ्यावरच्या पिशव्या नाहीत," त्या म्हणाल्या. "पळाले वाटतं."

"गुडघा दुखतोय ना त्यांचा?"

"कालपर्यंत दुखत होता."

मी धक्क्यावर गेलो. ओहोटी होती. कयाक खांबाला लागलेली होती आणि मास्तर एका हातानं खांब धरून दुसऱ्या हातानं नवी टेप लावत होते. होडी धरायला कोणी नव्हतं, म्हणून दर वेळी ती फिरे आणि ते पुन्हा सुरुवात करत. मी चिखलात उतरून पोचेपर्यंत त्यांचं पाचवं माप चाललं होतं.

"शंभर," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही. "पाचही शंभर. सुरेख रंगवलाय गाढवानं."

मी होडी धरली. भरती सुरू झाली होती. पाणी पहिल्या खुणेकडे चढत होतं.

"अर्ज परत घेता येतो का रे?"

"येतो. तक्रारदाराला पुढे काही म्हणायचं नाही, एवढं लिहून द्यायचं. चौकशीच होणार नाही. त्यांची नोकरी राहील आणि तुमचं नावही." मी हे सकाळीच खात्यात विचारून आलो होतो.

"म्हणजे कुणीच चुकलं नाही."

"तसंच."

"मग लोक काय म्हणतील? घरचा माणूस म्हणून टेलरनं वाचवला. खांबात खोट होतीच. जन्मभर म्हणतील." ते खांबावरचं शेवाळ नखानं खरवडत होते. "संशय मला माहीत आहे, पंडित. त्याला नुसतं ऊठ म्हटलं तर तो उठत नाही."

आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याबद्दल जे ठरवलं होतं ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

चौकशीच्या दिवशी धक्क्यावर चाळीसेक माणसं होती. खात्याचा साहेब पोलादी टेप घेऊन आला होता. खांबवाला खोलीच्या बंद दारापाशी हात बांधून उभा. साहेब खांबाकडे निघाला तसे मास्तर पुढे झाले. गळ्यातली जुनी टेप काढून त्यांनी धक्क्याच्या कठड्यावर पसरली.

"साहेब, आधी ही मोजा."

"खांब मोजायचाय."

"खांब खरा आहे. ही खोटी आहे."

साहेबानं मोजली. मग मास्तरांकडे बघितलं. "म्हणजे तक्रार मागे घेताय?"

"मागे नाही. चुकीची होती, असं लिहा. माझी टेप लांबली होती. खांबवाल्यानं खांब बरोबर रंगवला, तेही लिहा."

"मग तक्रार केलीत कशाला?"

"सगळ्यांवर संशय घेतला, टेप तेवढी राहिली."

लोक हसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, आमच्या पँटींचं काय मग?"

"पँटी बरोबर आहेत," मास्तर न वळता म्हणाले. "तुझं पोट चुकीचं आहे."

साहेबानं तरी खांब मोजला. मास्तरांना ते आवडलं असावं. खात्याच्या फायलीत खांबवाल्याची दोन पत्रंही निघाली. वाळूचा उंचवटा पुरानंतर सरकून मोठा झाला आहे, तीन मीटरवर होड्या आणू नयेत, असं त्यानं दोन महिने आधी कळवलं होतं. कोणी उघडलं नव्हतं.

खोलीचं कुलूप काढलं. लोक पांगले. मास्तर मेव्हण्यासमोर जाऊन उभे राहिले.

"चुकलो," ते म्हणाले.

खांबवाला म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगितलंत. बरं केलंत. पण भावोजी, तुमची खाडीची वही होडीवाल्यांकडे आहे. पानापानावर तुम्ही लिहून ठेवलंय, खांब विश्वासाचा नाही. इथे माझा खांब खरा झाला. त्या वहीत अजून खोटाच आहे."

"ते खोडतो."

"नुसतं खोडू नका. आकडे?"

आकडे सगळेच चुकले होते. आणि ते एका हिशेबानं दुरुस्त होणार नव्हते, कारण टेप कोणत्या वर्षी किती लांबली होती ते कोणाला सांगता येणार? खाडीत एक्केचाळीस जागा होत्या. प्रत्येक ठिकाणी परत जायला हवं होतं.

"ती वही नीट करा," खांबवाला म्हणाला. "माझ्या खांबाशी पडताळून. मग येतो घरी. ताईला सांगा."

मास्तरांनी नवी दोरी आणली, पोलादी पट्टीनं नव्या गाठी मारल्या. मी नवी वही आखली. जागा, वेळ, जुना आकडा, खांबावरचा आकडा, नवा आकडा. भरती-ओहोटीमुळे पाणी सारखं बदलतं, म्हणून खोली मोजली त्याच क्षणी खांबावर किती होतं ते माहीत असावं लागतं. लांबून खांब वाचता येत नाही. आम्ही निघताना वाचायचो आणि परत आल्यावर वाचायचो आणि मधलं अंदाजानं धरायचो. त्या रकान्यात मास्तर काही लिहू देत नसत. "अंदाज पेन्सिलीनंही नको," म्हणत.

पहिल्या दोन सुट्ट्यांत सहा जागा झाल्या. तिसऱ्या वेळी आम्ही सातव्या जागेवर होतो. मी मागून सुकाणू सांभाळत होतो, मास्तरांनी ओळंबा सोडला होता. धक्क्यावर खांबवाला उभा होता. तो रोजच तिथे असतो. त्यानं हात वर केला. तीन बोटं. मग हात खाली. मग चार बोटं.

"तीन-चार," मी म्हणालो. "खांबावर तीन पूर्णांक चार."

"मला दिसतंय."

"लिहू?"

"बरोबर दाखवतोय ना तो?" ते म्हणाले. नंतर दोरी हातात तशीच धरून थोडा वेळ थांबले. "लिही."

आठव्या जागेवर पुन्हा हात वर आला. नवव्यावर मास्तरांनीच आधी हात वर करून विचारलं. दोघं एकमेकांशी तोंडानं एक शब्द बोलत नव्हते. काकूंना मी घरी येऊन सांगायचो. त्या म्हणायच्या, "बोटं किती दाखवली ते नको सांगूस. चेहरा कसा होता?" एवढ्या लांबून चेहरा दिसत नसे. मी म्हणायचो, बरा होता.

शेवटच्या सुट्टीला आम्ही सतराव्या जागेवर पोचलो. ती वाळूच्या उंचवट्याला लागून आहे. शीड उतरवलं होतं. मास्तरांनी हात वर केला. धक्क्यावरून उत्तर आलं, तीन बोटं आणि मग दोन. मी लिहून घेतलं. तेवढ्यात वारा फिरला. ओळंबा सोडायच्या आधी होडी सरकली, धुराडं टाकीच्या रेषेबाहेर गेलं. आम्ही दोनदा वल्ही मारून परत यायचा प्रयत्न केला. लाटा आडव्या यायला लागल्या होत्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "पुढच्या सुट्टीला."

चार दिवसांनी ते गेले.

परवा खांबवाला घरी आला होता. काकूंजवळ बसला. मग मला म्हणाला, वही बघू. मी दिली. त्यानं सतरावी ओळ काढली आणि बोट तिच्यावर ठेवून तसाच बसला. जागा सतरा. धुराडं आणि टाकी एका रेषेत. वेळ अकरा वाजून दहा मिनिटं. जुना आकडा, एक मीटर साठ. खांबावर, तीन मीटर वीस. शेवटचा रकाना कोरा आहे. त्याच्या खाली चोवीस ओळी आखलेल्या आहेत, जुने आकडे भरून.